रेझ्युमेत कीवर्ड कसे घालावेत: जाहिरात वाचण्यापासून कॉल येईपर्यंत

पुण्यात अकाउंट्सची एक जागा निघाली की अर्ज ढिगाने येतात. ते सगळे उघडून वाचायला एचआरला वेळ नसतो. त्यामुळे एचआर आधी शोधतं आणि मग वाचतं. शोधण्याच्या चौकटीत जे शब्द टाइप होतात, तेच कीवर्ड. ते तुमच्या रेझ्युमेत नसतील तर तुमचं काम कितीही चांगलं असो, रेझ्युमे उघडलाच जात नाही.

छोट्या पेढीत काम केलेल्यांचं इथेच अडतं. काम तेच असतं, पण मोठ्या कंपनीत त्याला वेगळं नाव असतं. पार्टीकडून उधारी वसूल करणाऱ्या माणसाने आयुष्यात कधी ‘अकाउंट्स रिसिव्हेबल’ हा शब्द वापरलेला नसतो, आणि चाकणच्या कंपनीतला एचआर नेमका तोच शब्द टाइप करतो. कीवर्ड घालायचे म्हणजे आपण खरोखर केलेल्या कामाला जाहिरातीतलं नाव द्यायचं. न केलेलं काम त्यात घुसवायचं नाही.

पुढे मुख्य उदाहरण अकाउंट्सचं घेतलं आहे: बी.कॉम., मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्याकडे तीन वर्षं काम, आता कंपनीत अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह व्हायचं आहे. डिप्लोमा मेकॅनिकल आणि क्वालिटीवाल्यांसाठी जिथे वेगळं सांगण्यासारखं आहे तिथे ते सांगितलं आहे. सरकारी भरतीला यातलं काही लागू नाही. तिथे ठरलेला फॉर्म आणि परीक्षा असते.

इथे सगळे शब्द देवनागरीत दिले असले तरी खासगी नोकरीचा रेझ्युमे इंग्रजीत, रोमन लिपीतच लिहायचा, कारण एचआर रोमन लिपीत शोधतं.

आधी हे हाताशी ठेवा

- तुम्हाला हव्या असलेल्या पदाच्या ८ ते १० ताज्या जाहिराती, पूर्ण मजकुरासह
- जुना रेझ्युमे, वर्ड फाइलमध्ये. फक्त पीडीएफ किंवा छापील प्रत असेल तर नव्याने टाइप करा, ते सोपं पडतं
- ऑफर लेटर, रिलीव्हिंग लेटर आणि ईपीएफओच्या पोर्टलवरची सर्व्हिस हिस्टरी (पदनाम आणि तारखा जुळवायला)
- मार्कशीट आणि सर्टिफिकेट (कोर्सचं आणि विद्यापीठाचं अधिकृत नाव पाहायला)
- एक्सेल किंवा गूगल शीट्स; नाहीतर वही-पेन

लॅपटॉप नसेल तर फोनवर गूगल डॉक्सचं अ‍ॅप पुरतं. त्यातून वर्ड आणि पीडीएफ दोन्ही काढता येतात.

१. शोध कसा होतो ते समजून घ्या

तुमचा रेझ्युमे साधारण दोन ठिकाणी शोधला जातो.

पहिलं ठिकाण जॉब पोर्टल. नोकरी डॉट कॉमवर कंपन्यांसाठी रेझडेक्स नावाचा डेटाबेस आहे. रिक्रूटर त्यात शब्द टाकतो, कुठले शब्द असलेच पाहिजेत ते ठरवतो, आणि मग अनुभव, शहर, पगार, नोटिस पीरियड अशा चाळण्या लावतो. प्रोफाइल गेल्या किती दिवसांत सक्रिय होतं, हीसुद्धा एक चाळणी असते. लिंक्डइनवरही असाच शोध चालतो.

दुसरं ठिकाण कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर, ज्याला एटीएस (अ‍ॅप्लिकंट ट्रॅकिंग सिस्टिम) म्हणतात. वर्कडे, सक्सेसफॅक्टर्स, टॅलिओ, झोहो रिक्रूट ही त्यातली नेहमीची नावं. तुम्ही फाइल अपलोड केली की सॉफ्टवेअर मजकूर वाचून नाव, कंपनी, तारखा, शिक्षण, स्किल्स असे कप्पे भरतं. नंतर रिक्रूटर त्या कप्प्यांमध्ये शोधतो. काही सॉफ्टवेअर जाहिरातीशी किती जुळतं याचा अंदाजही दाखवतात.

एटीएस आपोआप रेझ्युमे फेकून देतं, ही भीती बरीच पसरली आहे. आपोआप नकार येतो तो बहुतेकदा अर्जातल्या प्रश्नांमुळे. ‘एसएपीचा किमान दोन वर्षं अनुभव आहे का?’, ‘तीस दिवसांत रुजू होऊ शकता का?’ अशा प्रश्नांना ‘नाही’ आलं की अर्ज तिथेच थांबतो, रेझ्युमेत काहीही लिहिलेलं असो. म्हणून हे प्रश्न घाईत भरू नका. अर्धवट महिन्यांचा अनुभव धरायचा का, नोटिस पीरियड कमी करून मिळेल का, याचा विचार आधी करून ठेवा.

शोधताना रिक्रूटर बरेचदा ‘अँड’, ‘ऑर’, ‘नॉट’ वापरतात. म्हणजे टॅली आणि जीएसटी दोन्ही हवं, त्यात एसएपी किंवा ओरॅकल (मोठ्या कंपन्यांत वापरली जाणारी सॉफ्टवेअर) चालेल, पण इंटर्न नको. या शोधात एक शब्द जरी कमी पडला तरी तुम्ही यादीबाहेर राहता. म्हणून संक्षेप आणि पूर्ण नाव दोन्ही कुठेतरी एकदा यायला हवं: बीआरएसही आणि बँक रिकन्सिलिएशनही, टीडीएसही आणि टॅक्स डिडक्टेड अ‍ॅट सोर्सही.

२. जाहिराती गोळा करा आणि शब्द मोजा

एकाच जाहिरातीवरून कीवर्ड काढू नका. ती लिहिणारा माणूस कदाचित जुनी जाहिरात कॉपी करत असेल. ८–१० जाहिराती घ्या: पद तेच, अनुभवाची पट्टी तीच, शक्यतो शहरही तेच.

शीटच्या पहिल्या रकान्यात शब्द लिहा आणि पुढच्या प्रत्येक रकान्यात एक जाहिरात ठेवा. शब्द त्या जाहिरातीत असेल तिथे १ टाका. शेवटी बेरीज करा. अकाउंट्स एक्झिक्युटिव्हच्या बाबतीत टॅली प्राईम, जीएसटी रिटर्न, टीडीएस, बँक रिकन्सिलिएशन, अकाउंट्स पेएबल, अकाउंट्स रिसिव्हेबल आणि एक्सेल हे शब्द वर येताना दिसतील. त्यांच्या खाली एमआयएस रिपोर्ट, व्हेंडर रिकन्सिलिएशन, ई-इनव्हॉइस, ई-वे बिल, ऑडिट, फायनलायझेशन, एसएपी.

निम्म्याहून जास्त जाहिरातींत आलेले शब्द तुमच्या कामात बसत असतील तर ते रेझ्युमेत असलेच पाहिजेत. दोन-तीन जाहिरातींतच आलेले शब्द त्या त्या अर्जापुरते ठेवा. ‘हार्डवर्किंग’, ‘टीम प्लेअर’, ‘गुड कम्युनिकेशन’ सगळीकडे दिसतील, पण त्यांची बेरीज करू नका. ते शब्द टाकून कोणी अकाउंटंट शोधत नाही.

पदनामसुद्धा कीवर्डच आहे. अकाउंटंट, अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह, अकाउंट्स असिस्टंट, फायनान्स एक्झिक्युटिव्ह: तुमच्या जाहिरातींत यातलं कुठलं जास्त वेळा आलं ते वेगळं लिहून ठेवा. पुढे हेडलाइनमध्ये, म्हणजे नावाखालच्या ओळीत, लागेल.

३. प्रत्येक शब्द आपल्या कामाशी जोडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. शब्दांची यादी समोर ठेवा आणि सकाळी पेढीवर गेल्यापासून संध्याकाळी निघेपर्यंत तुम्ही काय काय करता ते मराठीतच लिहून काढा. मग जोड्या लावा.

सप्लायरची बिलं टॅलीत चढवता, ते इनव्हॉइस प्रोसेसिंग, आणि पेमेंटही तुम्हीच लावत असाल तर अकाउंट्स पेएबल. बिल, पर्चेस ऑर्डर आणि माल मिळाल्याची नोंद या तिन्ही गोष्टी एकमेकींशी ताडून पाहत असाल तरच थ्री-वे मॅचिंग लिहा. व्यापाऱ्याकडे बरेचदा पर्चेस ऑर्डर नसतेच. फोनवर माल मागवला जातो. तसं असेल तर हा शब्द सोडा.

उधारीची यादी काढून पार्ट्यांना फोन करता, ते अकाउंट्स रिसिव्हेबल आणि कलेक्शन फॉलो-अप. ३०, ६०, ९० दिवसांप्रमाणे उधारी वेगळी करत असाल तर डेटर्स एजिंग. सप्लायरकडून खातेउतारा मागवून आपल्या लेजरशी जुळवता, ते व्हेंडर रिकन्सिलिएशन. महिनाअखेरीला मालकाला विक्री, खर्च आणि येणं-देणं यांचा तक्ता करून देता, ते एमआयएस.

जीएसटीत नेमकं लिहा. नुसतं ‘जीएसटी नॉलेज’ लिहून काहीच कळत नाही. जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी तुम्ही स्वतः पोर्टलवर भरता, की डेटा तयार करून सीएच्या ऑफिसला पाठवता? पहिल्याला रिटर्न फाइलिंग म्हणायचं, दुसऱ्याला डेटा प्रिपरेशन. जीएसटीआर-२बी पर्चेस रजिस्टरशी जुळवता का? जुळवत असाल तर आयटीसी (इनपुट टॅक्स क्रेडिट) रिकन्सिलिएशन हा शब्द तुमचा आहे आणि कंपन्यांत त्याला मागणी आहे. ई-इनव्हॉइस लिहिण्याआधी पेढीची उलाढाल आठवा. ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ते लागू आहे. त्याखालच्या पेढीत ई-इनव्हॉइस काढल्याचं लिहिलं तर मुलाखत घेणारा पहिला प्रश्न तिथूनच विचारेल.

ऑडिटमध्येही अशीच चूक होते. ‘स्टॅच्युटरी ऑडिट हँडल्ड’ असं सर्रास लिहिलं जातं. मालक एकटा असलेल्या किंवा भागीदारीतल्या व्यापारी पेढीत सहसा असतं ते आयकर कायद्याखालचं टॅक्स ऑडिट. स्टॅच्युटरी ऑडिट कंपनी कायद्याखाली कंपनीचं होतं. तुम्ही टॅक्स ऑडिटसाठी व्हाउचर आणि शेड्यूल लावून दिली असतील तर ‘टॅक्स ऑडिट सपोर्ट’ लिहा. फायनलायझेशनचंही तसंच. ताळेबंद सीए करत असेल आणि तुम्ही ट्रायल बॅलन्सपर्यंत आणून देत असाल, तर ‘फायनलायझेशन (ट्रायल बॅलन्सपर्यंत)’ असंच लिहा. फायनलायझेशन हा शब्द त्या ओळीतही येतो, आणि खोटंही ठरत नाही.

सॉफ्टवेअरचं नाव आवृत्तीसकट द्या. टॅली प्राईम २०२० मध्ये आलं. त्याआधी काम केलेल्यांनी टॅली ईआरपी ९ सुद्धा लिहावं, कारण काही रिक्रूटर अजून जुन्या नावानेच शोधतात. एसएपी लिहायचं तर मॉड्यूल, म्हणजे त्यातला विभाग, लिहा: फायको (हिशेब) की एमएम (माल-खरेदी). तुम्ही एंड यूजर आहात हेही लिहा. रोज वापरलेले टी-कोड (एसएपीत एखादं काम उघडण्याचे छोटे कोड) असतील, जसे एफबी६०, मायरो, एफबीएल१एन, तर ते स्किल्समध्ये द्या. ज्याने खरंच काम केलंय तोच ते लिहितो, हे वाचणाऱ्याला माहीत असतं. ‘एमएस ऑफिस’ऐवजी एक्सेल लिहा आणि पुढे व्हीलुकअप, पिव्होट टेबल, सम-इफ्स यांपैकी जे येतं ते.

क्वालिटीवाल्यांनी ‘इन्स्पेक्शन’ हा एकच शब्द लिहून थांबू नये. इनकमिंग, इन-प्रोसेस आणि फायनल ही तीन वेगळी कामं आहेत आणि रिक्रूटर ती वेगळी शोधतो. ऑटो कंपन्यांच्या जाहिरातींत एपीक्यूपी, पीपीएपी, एफएमईए, एमएसए आणि एसपीसी हे पाच कोअर टूल्स जवळजवळ ठरलेले असतात. पीपीएपीची (पार्टला ग्राहकाची मंजुरी घेण्याची) फाइल तुम्ही एकट्याने बांधली की सिनिअरला डायमेन्शनल रिपोर्ट करून दिला, हे वेगळं करून लिहा. टीएस १६९४९ या ऑटो उद्योगाच्या क्वालिटी स्टँडर्डची जागा २०१६ मध्ये आयएटीएफ १६९४९ ने घेतली. आधीपासून काम करणाऱ्यांच्या रेझ्युमेत अजून जुनंच नाव राहिलेलं असतं, ते बदला. उपकरणंही नावानिशी द्या: व्हर्निअर, मायक्रोमीटर, हाइट गेज, बोअर गेज, सीएमएम.

फ्रेशर असाल तर कामाच्या जागी प्रोजेक्ट, इन-प्लांट ट्रेनिंग आणि अप्रेंटिसशिप धरा. आयटीआयवाल्यांनी ट्रेडचं नाव सर्टिफिकेटवर आहे तसंच लिहावं: मशिनिस्ट, टर्नर, टूल अँड डाय मेकर. ‘मशीनचं काम येतं’ असं लिहिलं तर शोधात काहीच लागत नाही. मशीन व्हीएमसी की सीएनसी टर्निंग, कंट्रोलर फानुक की सीमेन्स, हे दोन शब्द सोबत द्या.

४. कीवर्ड कुठे ठेवायचे

पहिला मान नावाखालच्या ओळीला. तिथे पद, वर्षं आणि दोन-तीन भक्कम शब्द यायला हवेत:

‘अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह | ३ वर्षं | टॅली प्राईम, जीएसटी रिटर्न, टीडीएस’

झेरॉक्सच्या दुकानात टाइप करून घेतलेल्या रेझ्युमेत या जागी ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’ असतं: आव्हानात्मक वातावरणात काम करून स्वतःचा आणि संस्थेचा विकास साधायचा वगैरे. त्या चार ओळींत शोधण्याजोगा एकही शब्द नसतो आणि त्या रेझ्युमेच्या सगळ्यात महत्त्वाच्या जागेवर बसलेल्या असतात. त्या काढा आणि तिथे तीन ओळींचा सारांश लिहा: कुठल्या प्रकारच्या व्यवसायात काम, कुठली कामं स्वतः सांभाळता, कुठली सॉफ्टवेअर.

त्याखाली स्किल्स: १२ ते १८ शब्द, एका ओळीत स्वल्पविराम देऊन किंवा दोन-तीन गटांत. त्यापुढे चांदण्या, टक्के किंवा पट्ट्या काढू नका. ‘टॅली ८० टक्के’ म्हणजे किती, हे कोणालाच सांगता येत नाही, आणि चित्रातली पट्टी सॉफ्टवेअरला दिसत नाही.

सगळ्यात जास्त वजन अनुभवातल्या ओळींना. स्किल्समध्ये शब्द आहे पण कामाच्या ओळींत कुठेच नाही, हे वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. महत्त्वाचा शब्द सारांशात, स्किल्समध्ये आणि कामाच्या ओळीत असा दोन-तीनदा आला की पुरे. सहा-सात वेळा आल्याने तुम्ही यादीत वर जाल याची काही खात्री नाही, वाचणारा मात्र वैतागतो.

५. कामाची ओळ कशी लिहायची

ओळीत चार गोष्टी असाव्यात: काय केलं, कशावर केलं, किती, आणि त्यातून काय झालं. चौथी गोष्ट दर वेळी मिळेलच असं नाही. पहिल्या तीन तरी हव्यात.

आधीची ओळ: ‘जीएसटी आणि टॅलीचं सगळं काम पाहिलं.’

नंतरची: ‘२ फर्मचे जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी दर महिन्याला मुदतीत भरले, जीएसटीआर-२बी टॅली प्राईममधल्या पर्चेस रजिस्टरशी जुळवून, राहिलेल्या बिलांचा आयटीसी सप्लायरकडे पाठपुरावा करून मिळवला.’

आधीची: ‘बँकेची कामं.’

नंतरची: ‘३ चालू खात्यांचं बँक रिकन्सिलिएशन (बीआरएस) आठवड्याला, न वटलेले चेक आणि अनोळखी जमा रकमा शोधून नोंदी पूर्ण केल्या.’

‘नंतरच्या’ ओळीत तुमचे स्वतःचे आकडे यायला हवेत. महिन्याला किती बिलं चढवता हे माहीत नसेल तर टॅलीत व्हाउचरची संख्या काढता येते, ती बघा. अंदाजाने फुगवलेला आकडा मुलाखतीत एका उपप्रश्नात उघडा पडतो.

मात्र पेढीच्या ग्राहकांची नावं, थकबाकीच्या रकमा किंवा पार्टीचे जीएसटी क्रमांक रेझ्युमेत कधीही देऊ नका.

६. फाइल सॉफ्टवेअरला वाचता येईल अशी करा

चांगले शब्द लिहूनही ते हरवतात ते इथे.

एकाच रकान्याचा साधा आराखडा ठेवा. दोन रकान्यांचे देखणे टेम्प्लेट काही सॉफ्टवेअर डावीकडून उजवीकडे सलग वाचतात. मग डाव्या बाजूचं स्किल आणि उजव्या बाजूची कंपनी एकाच ओळीत मिसळतात. टेक्स्ट बॉक्स आणि टेबलं टाळा. मोबाइल नंबर आणि ईमेल पानाच्या हेडरमध्ये टाकू नका, कारण काही सॉफ्टवेअर हेडर-फुटर वाचतच नाहीत. फोनच्या किंवा पाकिटाच्या चित्राऐवजी साधा नंबर आणि पत्ता लिहा. मथळे नेहमीचेच ठेवा: समरी, स्किल्स, वर्क एक्स्पीरियन्स, एज्युकेशन. वेगळं काहीतरी म्हणून ‘माझा प्रवास’ छापाचा मथळा दिला तर तो मजकूर कुठल्या कप्प्यात टाकायचा हे सॉफ्टवेअरला कळत नाही.

तारखा सगळीकडे एकाच पद्धतीने, महिना आणि वर्ष: जून २०२१ ते मार्च २०२४. नुसतं २०२१–२०२४ लिहिलं तर अनुभव मोजताना गोंधळ होतो.

स्कॅन केलेला किंवा मोबाइलने फोटो काढून पीडीएफ केलेला रेझ्युमे म्हणजे चित्र. त्यात शोधाला काहीच सापडत नाही. भोसरी, वाळूज, सातपूर-अंबडकडे कंत्राटदार व्हॉट्सअ‍ॅपवर रेझ्युमे मागतात आणि मुलं कागदाचा फोटो पाठवतात. तिथेही टाइप केलेली पीडीएफच पाठवा. ती पुढे कंपनीच्या सिस्टिममध्ये चढते. कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये नाव-पत्ता मराठीत टाइप केलेला असेल तर तोही काढा. तो मजकूर युनिकोड नसल्याने दुसरीकडे उघडला की निरर्थक रोमन अक्षरं दिसतात.

आता तपासणी. पीडीएफ उघडा, सगळा मजकूर निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. फोनवर नोट्सच्या अ‍ॅपमध्ये करा. जे दिसेल, साधारण तेच सॉफ्टवेअर वाचतं. चार गोष्टी बघा: क्रम बरोबर आहे का, नाव-नंबर आलेत का, तारखा कंपनीशेजारीच आहेत का, आणि शब्द तुटलेत का. शेवटची गोष्ट सहज नजरेतून सुटते. काही फॉन्टमध्ये ‘फाइलिंग’मधली एफ आणि आय ही रोमन अक्षरं जोडून एकच चिन्ह बनतं आणि पेस्ट केल्यावर ती गळतात किंवा भलतंच चिन्ह येतं. डोळ्यांना पीडीएफमध्ये ‘फाइलिंग’ नीट दिसतं, शोधात मात्र ते सापडत नाही. असं झालं तर फॉन्ट एरिअल करा, पीडीएफ पुन्हा काढा आणि पुन्हा पेस्ट करून बघा.

स्पेलिंग तपासा. ‘रिसिव्हेबल’च्या स्पेलिंगमध्ये ई आणि आयची उलटापालट फार होते, आणि चुकीचं स्पेलिंग शोधात जुळत नाही. ‘फायनलायझेशन’मध्ये एस की झेड, हे जाहिरातीत जसं असेल तसं ठेवा.

फाइलच्या नावात तुमचं नाव, पद आणि अनुभवाची वर्षं असू द्या. ‘न्यू रेझ्युमे फायनल २’ या नावाच्या फाइली एचआरकडे भरपूर असतात.

७. गाव, विद्यापीठ आणि पदनाम

ही खास आपल्याकडची अडचण. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर, उस्मानाबादचं धाराशिव. रिक्रूटर दोन्हीपैकी कुठल्याही नावाने शोधेल, म्हणून नवं नाव लिहून कंसात जुनं द्या. विद्यापीठाचंही तसंच: जळगावच्या विद्यापीठाचं सर्टिफिकेट जुन्या, उत्तर महाराष्ट्र या नावाचं असेल तर तेच लिहा आणि सोबत आजचं नाव द्या.

पदनाम मात्र बदलू नका. रिलीव्हिंग लेटरवर ‘ऑफिस असिस्टंट’ असेल आणि तुम्ही सगळे अकाउंट्स पाहत असाल, तर ‘ऑफिस असिस्टंट (अकाउंट्स व जीएसटी)’ असं लिहा. नावाखालच्या हेडलाइनमध्ये तुम्हाला हवं ते पद येऊ शकतं, अनुभवाच्या जागी खरंच पद. मोठ्या कंपन्या रुजू करून घेताना पार्श्वभूमी तपासतात. पदनाम जुन्या मालकाकडून पडताळतात आणि पीएफच्या नोंदींतून कंपनी आणि तारखा दिसतात. तिथे तफावत निघाली तर हातात आलेली ऑफर जाते.

८. काही गोष्टी अजिबात करू नका

पांढऱ्या रंगात कीवर्ड लपवणं. वर सांगितलेल्या नोटपॅडमध्ये ते जसे दिसतात तसेच रिक्रूटरच्या स्क्रीनवरही दिसतात, आणि तिथे विश्वास संपतो.

जाहिरातीतली वाक्यं जशीच्या तशी उचलणं. ती जाहिरात लिहिणाराच तुमचा रेझ्युमे वाचणार आहे.

एका दुपारच्या वेबिनारवर ‘पॉवर बीआय’ लिहिणं. शिकत असाल तर शिक्षणाखाली ‘सध्या शिकत आहे’ असं लिहा.

फुकट ‘एटीएस स्कोअर’ सांगणाऱ्या साइटवर तासन्‌तास घालवणं. प्रत्येक साइटचा हिशेब वेगळा, त्यामुळे एकच फाइल इथे ५५ तर तिथे ८० मिळवते. तुम्ही ज्या कंपनीत अर्ज करणार तिच्याकडे तो आकडा जात नाही. राहून गेलेला एखादा शब्द दाखवला तर घ्या आणि पुढे चला.

आधार क्रमांक, पॅन, धर्म, वैवाहिक स्थिती आणि शेवटचं प्रतिज्ञापत्र यांची गरज नाही. ती जागा कामाच्या दोन ओळींना द्या.

९. पोर्टलवरचं प्रोफाइल वेगळं भरा

नुसती फाइल चढवून काम होत नाही. नोकरी डॉट कॉमवर रेझ्युमे हेडलाइन, की स्किल्स आणि प्रोफाइल समरी हे वेगळे रकाने आहेत. की स्किल्स भरताना पोर्टल सुचवेल त्या शब्दांतून निवडा, म्हणजे स्पेलिंग प्रमाण राहतं. आयटी स्किल्सच्या तक्त्यात आवृत्ती, शेवटचं कधी वापरलं आणि किती अनुभव हे विचारतात. टॅली, एसएपी, एक्सेल तिथे नीट भरा. सध्याचं शहर, कुठे जायची तयारी आणि नोटिस पीरियड रिकामे ठेवू नका, चाळणी त्यांच्यावरच लागते. आठवड्यातून एकदा तरी लॉगिन करून काहीतरी खरं सुधारत राहा.

लिंक्डइनच्या हेडलाइनला २२० अक्षरांची जागा आहे. ‘सीकिंग न्यू अपॉर्च्युनिटीज’ लिहून ती भरू नका; नावाखालची ओळ तिथेही तशीच चालते.

आखाती देशांत अर्ज करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. यूएईत २०१८ पासून व्हॅट आहे. तुम्ही तिथली रिटर्न भरली नसतील तर ‘व्हॅट फाइलिंग’ लिहू नका. जीएसटीचा अनुभव ‘इनडायरेक्ट टॅक्स’ या शब्दासह लिहा.

१०. प्रत्येक अर्जाला तीन जागा बदला

सगळी कामं असलेली एक मोठी मूळ फाइल ठेवा, ती कोणाला पाठवायची नाही. अर्ज करताना तिची प्रत काढा आणि तीन जागा जाहिरातीप्रमाणे लावा: हेडलाइन, स्किल्सचा क्रम, आणि सध्याच्या नोकरीतल्या पहिल्या तीन ओळी. जाहिरातीत अकाउंट्स पेएबल आधी असेल तर तुमचीही ती ओळ वर आणा. सराव झाला की याला १५–२० मिनिटं पुरतात. फ्रेशरला एक पान, बाकीच्यांना दोन. तिसऱ्या पानावर सहसा कोणी जात नाही.

कुठल्या कंपनीला कधी कुठली फाइल पाठवली ते शीटमध्ये लिहा. कॉल आला की समोरच्याच्या हातात तीच फाइल असते, आणि तिच्यातल्या प्रत्येक शब्दावर तुम्हाला दोन मिनिटं बोलता आलं पाहिजे.

११. तीन-चार आठवड्यांनी निकाल बघा

नोकरी डॉट कॉमवर तुमचं प्रोफाइल किती शोधांत दिसलं आणि रिक्रूटरांनी त्यावर काय केलं, हे दोन आकडे दिसतात.

शोधांतच फार कमी वेळा दिसत असाल तर शब्द कमी पडताहेत किंवा पोर्टलच्या यादीतले नाहीत. दुसऱ्या पायरीवर परत जा आणि ताज्या जाहिराती घ्या.

शोधांत दिसता पण कोणी पुढे काही करत नाही, तर कीवर्डना हात लावू नका. अडचण हेडलाइन, अपेक्षित पगार, शहर किंवा ९० दिवसांच्या नोटिस पीरियडमध्ये आहे.

कॉल येतात पण भलत्याच कामाचे, तर एखादा शब्द चुकीची माणसं ओढतोय. ‘कस्टमर हँडलिंग’ किंवा ‘सेल्स’ असं कुठेतरी सहज लिहिलेलं असतं आणि अकाउंटंटला विमा विकण्याचे फोन सुरू होतात. तो शब्द प्रोफाइल आणि फाइल दोन्हीकडून काढा. व्यापाऱ्याकडे तुम्ही सेल्सची बिलं काढत होतात, तर त्या जागी ‘सेल्स इनव्हॉइसिंग’ लिहा.